मेमरिस्टर मोजायला बसताना
मेमरिस्टर म्हणजे आधी किती वीज वाहिली ते आपल्या रोधात लक्षात ठेवणारा घटक. मेंदूतल्या सिनॅप्ससारखा, म्हणजे दोन न्यूरॉनमधल्या जोडासारखा, वापरायला तो मोजत असशील, तर सुरुवातीलाच एसटीडीपीच्या (न्यूरॉनच्या स्पंदांमधल्या वेळेच्या फरकानुसार जोडाची ताकद बदलण्याच्या नियमाच्या) आलेखामागे धावू नकोस. लिऑन चुआंनी १९७१ मध्ये कागदावर मांडलेला मेमरिस्टर एचपीच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरात दाखवला, एवढा इतिहास सध्या पुरे.

फॉर्मिंग करताना, म्हणजे ऑक्साइडमध्ये पहिल्यांदा वाहक वाट तयार करताना, करंटला कम्प्लायन्स (कमाल मर्यादा) लावल्याशिवाय व्होल्टेज वाढवूच नकोस. नाहीतर ऑक्साइडमधला फिलामेंट (हीच वाहक वाट) इतका जाड होतो की डिव्हाइस शॉर्ट, मग रिसेट (ती वाट तोडून रोध पुन्हा वाढवणं) विसर. पुढे एकसारखे पल्स देत जा आणि प्रत्येक पल्सनंतर कमी व्होल्टेजवर कंडक्टन्स (वीज किती सहज वाहते ते) वाच. पहिल्या काही पल्समध्येच उडी मारून तो सपाट झाला, किंवा उतरताना धाडकन पडला, तर अशा सिनॅप्सला वजन (जोडाची ताकद) नीट शिकवता येत नाही. पेपरांत बहुधा सगळ्यात देखणं डिव्हाइसच छापतात, म्हणून एकाच वेफरवरची बरीच मोज. बिघडलेलीही वहीत लिही, गाईड विचारतीलच.