बुधवारी संध्याकाळी तू कुठं असशील?

“मॅडम, देशच चुकीचा निवडला तर?”

मी मुलांना करिअरचा सल्ला देते. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत तिनं हे विचारलं तेव्हा बाहेर जुलैचा पाऊस लागला होता आणि तिचे पप्पा खाली स्कूटरपाशी आडोशाला उभे होते. वर या म्हटलं तर म्हणाले, “तिचं तिला बोलू दे की.” पोरगी 28 वर्षांची. इंजिनिअरिंग, मग एमबीए, मग पुण्यात कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना सल्ला द्यायच्या कामात, चार वर्षं. हातात दोन ऑफर, एक दुबईची, एक जर्मनीतल्या म्युनिकची. दहा दिवसांत उत्तर द्यायचं होतं. तिच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

तिनं छापील तक्ता आणला होता. सतरा ओळी: पगार, कर, व्हिसा, हवामान, सुरक्षितता, घरापासूनचं अंतर. प्रत्येक ओळीला 5 पैकी गुण, आणि खाली दोन्हीकडची बेरीज जवळपास सारखी. ‘कुटुंब’ या ओळीपुढचा आकडा पेन्सिलीचा होता आणि इतक्या वेळा खोडलेला की कागद तिथं पातळ झाला होता.

“आधी 3 दिले होते,” ती म्हणाली. “मग 5 केले. आता 4.”

“कुणाशी बोलल्यावर 5 केले?”

“आईशी.”

“आणि 4?”

ती गप्प बसली.

असे तक्ते करू नयेत असं मी म्हणत नाही. पण गुण आपणच देतो आणि त्या दिवशी मन जसं असेल तसे देतो. बेरीज सारखी आली म्हणजे पर्याय सारखे आहेत असं होत नाही. मला तरी बऱ्याचदा असं दिसतं की माणूस कुणाला तरी दुखवायला घाबरत असतो, म्हणून बेरीज सारखी येत राहते. हिच्या घरात आई दुबईच्या बाजूची होती. वेळेत दीडच तासाचा फरक, मुंबईतून विमानात बसलं की तीन-सव्वातीन तासांत दुबई, शिवाय पगारावर आयकर नाही. पप्पांचं उद्यमनगरात छोटं मशीनशॉप. तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाच्या लेखी मशीन जर्मनीचं ते जर्मनीचं, त्यामुळं पोरीनंही तिकडंच जावं. हिला दोघांचंही मन मोडायचं नव्हतं.

मी तक्ता बाजूला ठेवायला लावला. “बुधवारी संध्याकाळी सात वाजता तू दुबईत कुठं असशील?”

“ऑफिसात असेन.”

“कुठल्या गावातल्या?”

इथं ती थबकली. कन्सल्टिंगमध्ये ऑफर एका गावच्या ऑफिसची असते आणि काम चालतं ते क्लायंटच्या गावात, हे तिला पुण्यात राहून चांगलं माहीत होतं. सोमवारी बॅग भरून चेन्नईला जाणं तिनंही केलं होतं. परदेश म्हटल्यावर मात्र ती फक्त देशाचं नाव बघत होती. मी तिला एकच काम दिलं. दोन्ही ऑफिसांत आपल्याच हुद्द्यावर असलेल्या दोघा-दोघांना फोन करायचा, एचआरला नाही, आणि विचारायचं, “गेल्या मंगळवारी रात्री तुम्ही कुठं झोपलात?” शिवाय दोन्हीकडं मुदत वाढवून मागायची. मुलं याला फार भितात. नम्रपणे मागितलेल्या चार दिवसांपायी ऑफर गेल्याचं माझ्या बघण्यात नाही. तिला एकीकडून आठवडा मिळाला, दुसरीकडून चार दिवस.

पुढच्या भेटीत ती वहीच भरून घेऊन आली. दुबईच्या त्या टीमचं बहुतेक काम रियाधला चालत होतं. सौदीत आठवडा रविवार ते गुरुवार, तर अमिरातीत जानेवारी 2022 पासून सुट्टी शनिवार-रविवारची. म्हणजे रविवारी पहाटे विमान, गुरुवारी रात्री परत, आणि दुबईतल्या मैत्रिणींची रविवारची सुट्टी असताना ही रियाधला मीटिंगमध्ये. वर्षभराचं भाडं तिथं मोजक्या आगाऊ चेकांत द्यायचा रिवाज आहे, आणि त्या घरात ती आठवड्याला जेमतेम तीन रात्री झोपणार. म्युनिकच्या टीमचे क्लायंट आसपासचेच, यंत्रं आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणारे. पण मीटिंगा जर्मनमध्ये. भाषा येत नसेल तर मागं बसून स्लाइड करत राहायचं, असं एकानं तिला स्पष्ट सांगितलं होतं.

“तुला येते का?”

“पुण्यात मॅक्स म्युलर भवनात ए-2 पर्यंत केलंय, म्हणजे दुसरी पायरी.”

सतरा ओळींत हे कुठंच नव्हतं! दोन वर्षं शनिवार-रविवार घालवून शिकलेली भाषा तिनं हिशेबात धरलीच नव्हती. आणि त्याच भाषेवर पुढचं बरंच अवलंबून होतं. जर्मनीत ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, गेलेल्याला बी-1 पर्यंत, म्हणजे ए-2 च्या पुढच्या पायरीपर्यंत, भाषा आली तर 21 महिन्यांनी कायम राहण्याचा परवाना मागता येतो, नाहीतर 27 महिन्यांनी. पगारातून मात्र कर आणि विमा मिळून साधारण 40 टक्के जातात. दुबईत हातात पूर्ण पगार येतो, नोकरी सोडताना पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागं 21 दिवसांच्या मूळ पगाराइतकी ग्रॅच्युइटीही मिळते, पण राहण्याचा परवाना सहसा त्या नोकरीलाच बांधलेला. तिच्या डोक्यावर कर्ज असतं तर मी दुबईकडंच बोट दाखवलं असतं. एमबीएचं कर्ज तिनं आदल्या वर्षीच फेडलं होतं.

तिसऱ्या खेपेला पप्पा वर आले. खुर्चीच्या कडेवर बसले, दोन्ही ऑफर लेटरं मराठीत समजावून घेतली आणि एकच प्रश्न विचारला. “ही परत येतो म्हणाली तर हिला किती भरायला लागंल?”

माझ्या इतक्या वर्षांच्या कामात पालकाच्या तोंडून इतका नेमका प्रश्न मी क्वचितच ऐकलाय. जायचं दार सगळे बघतात, परतीचं कुणी बघत नाही. दोन्ही पत्रांत कलम होतं: दोन वर्षांच्या आत सोडलं तर जॉइनिंगची रक्कम आणि सामान हलवण्याचा खर्च पूर्ण परत करायचा. तिनं ते वाचलंच नव्हतं. जेवढे महिने काम केलं तेवढी रक्कम कमी करा, असं तिनं दोघांनाही मेलवर लिहिलं. म्युनिककडून लेखी होकार आला, दुसरीकडून नियम बदलता येत नाही असं उत्तर.

“आणि शॉपचं काय, पप्पा?” तिनं तेव्हाच विचारलं. पहिल्या दिवसापासून खोडरबराखाली हाच प्रश्न दबलेला होता, असं मला वाटतं.

“शॉप बघाय मी हाय अजून. तू ती पेन्सिल टाकून दे आधी.”

ती ऑक्टोबरात म्युनिकला गेली. आईला चार दिवस लागले नीट बोलायला, पण महालक्ष्मी एक्स्प्रेसला सोडायला त्याही आल्या होत्या. बुधवारी संध्याकाळी तिचा बी-1 चा क्लास असतो. साडेसहाला सुटला की ट्रामच्या थांब्यावरून ती घरी फोन लावते. हिवाळ्यात तेव्हा आपल्याकडं रात्रीचे अकरा वाजलेले असतात. साडेनऊला दिवा मालवणारे पप्पा त्या दिवशी जागे असतात आणि आज काय शिकलीस ते जर्मनमध्ये म्हणून दाखव म्हणतात.