विन्स गेला, अ‍ॅलन गेला, फ्लेचही गेला. मग आजचा डिपेश मोड तोच बँड म्हणायचा का?

तुमचा प्रश्न असा आहे की डिपेश मोड या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक बँडमधला गाणी लिहिणारा विन्स क्लार्क पहिल्याच अल्बमनंतर निघून गेला, साउंड घडवणारा अ‍ॅलन वाइल्डर १९९५ मध्ये बाहेर पडला, आणि आता तिसरा, अँडी फ्लेचर ऊर्फ फ्लेच, हाही हयात नाही, तर उरलेल्या दोघांना, मार्टिन गोर आणि डेव्ह गान यांना, डिपेश मोड म्हणणं बरोबर आहे का. माझं उत्तर हो. मी कॉलेजात असताना पुण्यात एका मित्राच्या कॉम्प्युटरवर त्यांचा 'व्हायोलेटर' अल्बम पहिल्यांदा ऐकला, तेव्हापासून हा बँड सोडलेला नाही, त्यामुळे थोडं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

सुरुवात बॅसिल्डनची. लंडनच्या पूर्वेला एसेक्समधलं हे गाव, तिथली पोरं, विन्स क्लार्क, मार्टिन गोर आणि अँडी फ्लेचर. गोर बँकेत कामाला, फ्लेचर इन्शुरन्स कंपनीत. १९८० मध्ये डेव्ह गान गायला आला (आडनावाचा उच्चार खरोखर 'गान'च आहे, मराठी माणसाला लगेच लक्षात राहतो). डॅनियल मिलरच्या म्यूट रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला तो फक्त हात मिळवून, कागद नाही काही नाही. १९८१ मध्ये 'जस्ट कान्ट गेट इनफ' ब्रिटनमध्ये आठव्या नंबरला गेलं, आणि 'स्पीक अँड स्पेल' अल्बममधली ११ पैकी ९ गाणी विन्सची होती. आणि वर्ष संपता संपता विन्स म्हणाला, मी चाललो.

आता विचार करा, एकोणीस-वीस वर्षांची पोरं, नुकतं नाव झालेलं, आणि गाणी लिहिणाराच गेला. दुसऱ्या कुणी नवा गीतकार शोधला असता. यांनी शोधला नाही. गोरने शाळकरी वयात लिहिलेलं 'सी यू' बाहेर काढलं आणि ते सहाव्या नंबरला गेलं, म्हणजे विन्सच्या या बँडमधल्या सगळ्यात मोठ्या हिटच्याही वर. मला वाटतं बँड टिकला तो इथेच, १९८२ च्या त्या दोन-चार महिन्यांत, कारण घरातच लिहिणारा बसलाय हे यांचं यांनाच तेव्हा कळलं. विन्सचंही वाईट झालं नाही हां, त्याने अ‍ॅलिसन मॉयेटबरोबर याझू केलं, पुढे अँडी बेलबरोबर इरेजर, दोन्ही गाजले.

अ‍ॅलन वाइल्डर आला तो 'मेलडी मेकर' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकातली जाहिरात वाचून. जाहिरातीत वयाची अट २१ च्या आतली होती, हा २२ चा, मग वय कमी सांगून आला. आधी फक्त टूरवर वाजवायला घेतला, दुसऱ्या अल्बमच्या रेकॉर्डिंगला त्याला बोलावलंच नाही, आपण तिघं स्वतःच्या जोरावर करू शकतो हे सिद्ध करायचं होतं म्हणून. नंतर मात्र पूर्ण मेंबर झाला, आणि तिथून बँडचा आवाज बदलला तो बदललाच. 'कन्स्ट्रक्शन टाइम अगेन' या अल्बमच्या वेळी हे लोक लंडनच्या शोरडिचमध्ये बांधकामाच्या जागी जाऊन पत्रे, पाइप, लोखंड बडवून ते टेपवर घ्यायचे आणि स्टुडिओत सॅम्पलरमध्ये (आवाज साठवून तो हवा तसा वाजवणारं यंत्र) घालून त्यातून ताल काढायचे. 'पाइपलाइन' हे गाणं ऐका, सगळं असल्याच आवाजांचं आहे.

वाइल्डर नेमकं काय करायचा हे समजून घ्यायचं असेल तर 'व्हायोलेटर'मधलं 'एन्जॉय द सायलेन्स' हे गाणं घ्या. गोरने डेमो आणला तो अगदी संथ, हार्मोनियमचा सूर आणि वर त्याचा आवाज, बस. वाइल्डरला त्यात वेगळंच काहीतरी दिसलं, तो म्हणाला की याचा वेग वाढवू, खाली बीट टाकू. गोरला ते पटेना, शांततेवरचं गाणं आणि ते नाचायच्या तालावर कसं चालेल, त्याचंही बरोबरच होतं म्हणा. मग वाइल्डर आणि प्रोड्युसर फ्लड यांनी बाकीच्यांना दोन दिवस लांब राहायला सांगितलं आणि ट्रॅक उभा केला, त्यावर गोरकडून ती गिटारची धून वाजवून घेतली, आणि गानचा आवाज चढवला. आता हेडफोन लावून ऐका: खाली बेस सारखा चालतोय, मागे कोरससारखे सूर पसरलेत, आणि मध्ये ती गिटार एकटीच येऊन जाते. एवढं सगळं वाजत असूनही गाणं भरगच्च वाटत नाही, मोकळं वाटतं. ही मोकळी जागा वाइल्डरची. शब्द गोरचे, गळा गानचा, पण तुम्ही ज्याला डिपेश मोडचा साउंड म्हणता तो खूपसा या माणसाने रचलेला आहे आणि मी हे कुणाशीही वाद घालून सांगेन.

म्हणूनच १९९५ चं जाणं मला सगळ्यात जास्त लागतं. 'साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन' हा अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे एक नंबरला गेला, पण त्यानंतरच्या लांबलचक टूरने सगळ्यांची वाट लावली. गान हेरॉइनच्या आहारी, फ्लेचरची तब्येत बिघडून तो शेवटच्या टप्प्यात घरी परतला. टूर संपली आणि १ जून १९९५ ला, स्वतःच्या वाढदिवशी, वाइल्डरने जाहीर केलं की मी बाहेर पडतोय, आपण जे काम करतो त्याची आत किंमत होत नाही हे त्याचं दुःख होतं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात लॉस एंजेलिसला गानने ओव्हरडोस घेतला, दोन मिनिटं हृदय बंद होतं. बँड संपला असंच सगळे धरून चालले होते. आणि १९९७ मध्ये 'अल्ट्रा' आला, टिम सिमेननला प्रोड्युसर घेऊन, आणि तो ब्रिटनमध्ये एक नंबरला गेला. अल्बम चांगला आहे, मला त्यातलं 'होम' फार आवडतं. पण वाइल्डरची ती बारीक वीण पुन्हा कधी ऐकू आली नाही, हे मान्य करायला हवं.

त्याची जागा यांनी रिकामीच ठेवली हे मला महत्त्वाचं वाटतं. ख्रिश्चन आयग्नर ड्रम्सवर, पीटर गॉर्डेनो कीबोर्डवर, दोघंही कितीतरी वर्षं टूरवर आहेत, पण ऑफिशियल मेंबर कुणालाच केलं नाही. आतली कामं मात्र सरकली, २००५ च्या 'प्लेइंग द एंजल'पासून गान स्वतःही गाणी लिहू लागला, जे विन्स गेल्यापासून बहुतांशी गोरचंच राज्य होतं.

आता फ्लेचर. त्याच्यावर लोक कायम एकच प्रश्न टाकतात, की हा करतो काय? स्टेजवर फार वाजवायचा नाही, गाणी लिहायचा नाही. अहो, पण कितीतरी वर्षं बँडला पूर्णवेळ मॅनेजर नव्हता, हिशोब, करार, लोकांशी बोलणं, हे सगळं फ्लेचने पाहिलं. आणि गोर आणि गान यांचं पटेनासं झालं की मध्ये उभा राहणारा हाच. घरात असा एखादा काका असतो बघा, जो नसला की मग कळतं की दोन भाऊ इतकी वर्षं त्याच्यामार्फतच बोलत होते. २६ मे २०२२ ला तो गेला, वय फक्त ६०. नव्या अल्बमचं नाव 'मेमेन्टो मोरी' त्याआधीच ठरलेलं होतं, मृत्यूची आठवण ठेव असा त्याचा अर्थ. नंतर दोघांनीही मुलाखतींत सांगितलं की आता मधलं कुणी नाही म्हटल्यावर आम्हाला थेट एकमेकांशी बोलावं लागलं आणि त्यातून आम्ही जवळ आलो.

मी कामानिमित्त बर्लिनमध्ये राहतो, २०२३ च्या उन्हाळ्यात ऑलिम्पिया स्टेडियमवर त्यांना पाहिलं. 'वर्ल्ड इन माय आइज' सुरू झालं आणि मागच्या पडद्यावर फ्लेचचा चेहरा आला, तसं शेजारचे साठीतले जर्मन आजोबा, जे तोवर प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणत होते, ते एकदम गप्प झाले आणि गाणं संपेपर्यंत पडद्याकडे बघत राहिले. मग शेवटाकडे सगळे वाजवणारे मागे राहिले, गोर आणि गान दोघंच गर्दीत घुसलेल्या त्या पुढच्या पट्टीवर चालत आले, 'वेटिंग फॉर द नाइट' दोघांनी मिळून अगदी हळू आवाजात म्हटलं, आणि संपल्यावर एकमेकांना मिठी मारली.