लिफ्ट केलीस, आता मागचा शाफ्ट बघ

भावा, फोर-बाय-फोरला तीन इंच लिफ्ट केलीस, म्हणजे सस्पेन्शनवर बॉडी उचललीस, गाडी दिसते एकदम नाद खुळा. पण साठच्या पुढं सीटखाली घरघर येत असेल तर टायरला दोष देऊ नको. मागच्या प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा, कोन वाढलाय.

हा कोन चाकं जमिनीवर ठेवूनच मोजायचा. जॅकवर गाडी लटकवून घेतलेलं माप फुकट. शाफ्टला दोन साधे क्रॉस (टोकांचे वाकणारे जोड) असतील तर ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आउटपुट आणि डिफरन्शियलचं पिनियन (शाफ्ट जिथं मागच्या अ‍ॅक्सलला जोडतो ते टोक) समांतर हवं. ट्रान्सफर केसच्या टोकाला डबल कार्डन (दोन क्रॉसचा जोड) बसवलास तर हिशेबच बदलतो: पिनियनचं तोंड सरळ शाफ्टच्या रेषेत, फक्त एक-दोन अंश खाली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पाटे पिळतात आणि पिनियन स्वतःच वर उचलतं, म्हणून. कोन पाट्याखाली पाचर घालून जुळव.

स्लिप जॉइंट, म्हणजे शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा दातेरी (स्प्लाइनचा) जोड, किती बाहेर आलाय तेही बघ. मी आळस केला. गगनबावड्याच्या घाटात स्प्लाइन जेमतेम बोटभर अडकलेली निघाली! शाफ्ट लांब करायचा तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात चांगले टर्नर आहेत, पण दोन्ही टोकांचे कान (क्रॉस धरणारे) एका रेषेत ठेवायला सांग आणि बॅलन्सिंग केल्याशिवाय शाफ्ट घरी आणू नको. क्रॉस ग्रीस निपलवालेच घे, राधानगरीचा पावसाळी चिखल झाला की लगेच ग्रीस मार.