सराव-लढत खऱ्या झटापटीच्या जवळ कशी न्यायची?

वडोदऱ्यात दोन वर्षं कराटे शिकूनही कोणी खरोखर अंगावर आलं की काही सुचत नाही, असं तुम्ही लिहिलंय. कारण बहुधा समोरच्यापासून राखलेलं अंतर. गुणांच्या लढतीत ठोसा लागला की पंच थांबवतात, म्हणून मारून मागे सरकायची सवय लागते. खऱ्या झटापटीत समोरचा थांबत नाही. कॉलर धरतो, भिंतीकडे रेटतो. म्हणून ठोसा लागल्यावरही लढत ५ सेकंद चालू ठेवा, मग पकड होवो की धक्काबुक्की.

जोर सुरुवातीला निम्म्याहून कमी. १६ औंसांचे ग्लोव्हज, दातांचं गार्ड, नडगीचे पॅड हवेतच. २ मिनिटांच्या ४ फेऱ्या, मध्ये १ मिनिट विश्रांती. एका फेरीत जोडीदाराने फक्त धरून ढकलायचं, तुम्ही भिंतीला पाठ लावून सुरुवात करायची आणि बाजूने निसटायचं. तो मुद्दाम सोडत असेल तर फेरी वाया गेली. पकड कच्ची वाटली तर महिनाभर कुस्तीच्या आखाड्यात जा.

हेल्मेटच्या भरवशावर डोक्यावर जोरात मारू नका. त्याने कातडी वाचते, मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. गरगरलं की त्या दिवशी लढत बंद, आणि डॉक्टरांना दाखवा.