'ओप्फर' म्हणजे बळी, पण दिलेला की पडलेला?

प्रश्न असा आला आहे: युद्धावरच्या जर्मन चित्रपटांबद्दल वाचताना 'ओप्फर' हा शब्द सारखा भेटतो. कुठे त्याचा अर्थ 'त्याग' दिलेला असतो, कुठे 'पीडित'. यातला खरा कोणता?

दोन्ही खरे. आपला 'बळी' तसाच आहे. देवीपुढे बकऱ्याचा बळी देतात आणि प्लेगच्या साथीत माणसं बळी पडतात. जर्मनमध्ये तर 'बळी पडणे' याला 'त्सुम ओप्फर फालेन' म्हणतात, आणि 'फालेन' म्हणजे पडणेच! मराठी आणि जर्मन इतक्या जवळ आलेल्या मी क्वचितच पाहिल्या आहेत. क्रियापद सोबत आहे तोवर अर्थ स्पष्ट असतो. ते गळून नुसतं नाम उरलं की घोटाळा होतो.

बर्लिनच्या नॉये वाखे स्मारकात १९९३ पासून असं नुसतं नामच कोरलेलं आहे: 'युद्ध आणि जुलमी राजवटीच्या बळींना'. छळछावणीत मारलेला ज्यू आणि त्याच राजवटीसाठी लढताना मेलेला सैनिक या एका शब्दात शेजारी बसतात. ज्यूंनी यावर हरकत घेतली ती रास्तच होती. शेवटी कोणाकोणाचं स्मरण करायचं हे सांगणारा वेगळा फलक बाहेर लावावा लागला.

बेर्नहार्ड व्हिकीच्या 'डी ब्र्युके' (१९५९) या चित्रपटात एप्रिल १९४५ मध्ये सात शाळकरी पोरं एक निरुपयोगी पूल लढवतात. एकच वाचतो. ही पोरं माझ्या मते 'बळी दिलेली'. ग्युंटर ग्रासच्या 'इम क्रेब्सगांग' या लघुकादंबरीत (२००२) सोव्हिएत पाणबुडीने बुडवलेलं, निर्वासितांनी खच्चून भरलेलं जहाज आहे. त्यातली माणसं 'बळी पडलेली'. पण निवेदकाचा मुलगा त्याच दुःखाचं भांडवल करतो, नाझींचे गोडवे गातो आणि शेवटी खून करतो. आपणही ओप्फर होतो असं जर्मनांनी म्हणावं का, हा वाद तिथे अजून मिटलेला नाही. 'टेटर', म्हणजे कृत्य करणारा, हा विरुद्धार्थी शब्द त्या वादात लगेच पुढे येतो.

म्हणून भाषांतरात आधी क्रियापद ठरवा. 'हुतात्मा' मात्र टाळा. त्यात स्वेच्छेने दिलेली आहुती आहे, आणि छावणीतल्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं. नॉये वाखेच्या ओळीत मात्र 'बळी'च ठेवा. तिची संदिग्धता मराठीतही जशीच्या तशी उतरते.