खोल टाकीसाठी एअर पंप घेताना

तुमची माशांची टाकी दोन फूट खोल असेल, तर पंपाच्या खोक्यावरचा 'लिटर प्रति मिनिट' हा आकडा नंतर बघा, आधी दाब बघा. दर 10 सेंटीमीटर खोलीला साधारण 1 किलोपास्कल लागतो. म्हणजे 60 सेंटीमीटरला 6, खोक्यावरच्या भाषेत 0.006 मेगापास्कल. बारीक छिद्रांचा एअरस्टोन (नळीच्या टोकाला लावायचा, बुडबुडे करणारा दगड) आणखी दाब खातो, म्हणून मी दुप्पट दाबाचाच पंप घेतो. माझा पहिला पंप अर्ध्या पाण्यात छान बुडबुडे द्यायचा. दगड तळाला सोडला की नुसती घरघर. तुमचंही तसं झालं तर दगड मध्यावर टांगा. वरचं पाणी हलतं राहिलं की माशांना प्राणवायू मिळतो. आणि नळीला चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारी झडप) लावाच! पंप पाण्याच्या पातळीखाली असेल, तर वीज गेली की पाणी उलटं पंपात शिरू शकतं.