दोन राज्यं, दोन कुलपं

नोकरी एका राज्यात आणि घरदार दुसऱ्या राज्यात, अशा कुटुंबांची पत्रं गेल्या काही महिन्यांत वाढली आहेत. मी ती जरा जास्तच जवळून वाचते. माझे मिस्टर अकरा वर्षं हैदराबादला होते आणि मी दोन मुलांना घेऊन सोलापूरला. अंतर तीनेकशे किलोमीटर, पण मधल्या वारी काही अडलं की ते तीन हजार वाटायचं. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : नवरा बेंगळुरूला, मी आणि मुलं पुण्यात. तो पंधरा दिवसांनी शनिवारी सकाळी येतो, रविवारी रात्रीच्या बसने जातो. तेवढ्या वेळात मुलांच्या वह्या तपासतो, रागावतो, वळण लावायला बघतो. नऊ वर्षांचा मुलगा रविवारी दुपारपासून गप्प होतो, पोटात दुखतं म्हणतो. तो आला की घर ताठ होतं, गेला की रिकामं. काय चुकतंय?

आधी पोटाचं बोलू. मुलगा सोंग करत नाही. या वयात मनातलं सांगायला शब्द नसतात, ताण पोटात उतरतो आणि खरंच दुखतं. पुढचे दोन महिने कॅलेंडरवर फक्त खूण करा : कुठल्या दिवशी दुखलं. बाबा जाण्याच्या रविवारीच दुखत असेल तर ते निरोपाचं दुखणं आहे. इतर वारीही दुखत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, वजन उतरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, मनाचं आहे म्हणून सोडू नका.

आमच्याकडे मिस्टरांची निळी बॅग रविवारी जेवणं झाली की दिवाणखान्यात यायची आणि संध्याकाळपर्यंत उघडीच असायची. एक शर्ट घातला, चार्जर शोधला, डबा ठेवला. धाकटी त्या बॅगेवर जाऊन बसायची, उठायची नाही. आम्ही बराच काळ तिलाच रागावलो. मग शनिवारी रात्री मुलं झोपल्यावर बॅग भरून दाराआड ठेवायला लागलो आणि रविवारची दुपार मोकळी झाली. निघताना तिला एक काम दिलं : कोपऱ्यापर्यंत बाबांसोबत जायचं आणि तिथून त्यांच्या घराची किल्ली त्यांच्या हातात द्यायची. रडू थांबलं नाही, पण ते कोपऱ्यावरचं पाच मिनिटांचं झालं. आधी ते दुपारभर चालायचं.

आता वडिलांबद्दल. पंधरा दिवसांचं वडीलपण दीड दिवसात उरकता येत नाही. सोमवार ते शुक्रवार तुम्ही घेतलेले निर्णय शनिवारी बदलायचे नाहीत, एवढं दोघांनी ठरवा, आणि ते मुलांसमोर बोला. त्याला आठवड्यातलं एक ठरलेलं काम द्या. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर ‘जेवलास का, शाळेत काय झालं’ विचारलं की ‘हो’ आणि ‘काही नाही’ एवढंच मिळतं. त्याऐवजी मंगळवार आणि गुरुवारचं गणित बाबांचं. राज्य मंडळाची शाळा असेल तर बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवून घेता येतात, दुसऱ्या मंडळाची असेल तर पुस्तकाचा एक संच जास्तीचा घेऊन बेंगळुरूला ठेवा. दोघांसमोर एकच पान असलं की बोलणं आपोआप चालू राहतं. कधी गणित बाजूला पडून मधल्या सुट्टीतलं भांडण निघेल. तेच हवं आहे.

तो आला की पुरणपोळी, नवी चादर, मुलांना ‘बाबा दमलेत, दंगा करू नका’ अशी ताकीद. हे प्रेमानंच होतं, पण त्याचा पाहुणा होतो. त्याला दूध आणायला पाठवा, गिझर बिघडलाय तो दाखवा, धाकट्याची नखं कापायला सांगा. आणि एकदा तरी मुलांना घेऊन बेंगळुरूला राहा, फिरायला नाही, राहायला. तिथे त्यांचा ब्रश, चपला आणि एक खण असू द्या. बाबा संध्याकाळी कुठे बसतो, कुठल्या खिडकीतून फोन करतो हे डोळ्यांनी पाहिलं की मुलाच्या मनातली पोकळी थोडी भरते. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होतं (1 नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 120 दिवस होतं). दोन महिन्यांचे शनिवार एकदम ठरवा आणि कॅलेंडरवर मुलाच्या हातानं गोल करून घ्या. अनिश्चित बाबापेक्षा पंधरा दिवसांनी नक्की येणारा बाबा मुलाला सोपा जातो.

प्रश्न : माझी एमएच पासिंगची गाडी सव्वा वर्षापासून बेंगळुरूला आहे. घर पुण्यात, महिन्याला एकदा गाडीनंच ये-जा. पोलिसांनी अडवलं. नंबर बदलावा लागतो का?

लागतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 47 प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. मधूनमधून पुण्याला नेता म्हणून ती तिथे ‘ठेवलेली’ नाही, असं पटवून देणं अवघड आहे. क्रम असा : थकलेली चलानं भरा, कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र घ्या, मग मूळ आरटीओकडे फॉर्म 28 भरून एनओसी, आणि तिथल्या आरटीओत फॉर्म 27 भरून नवा नंबर. रोड टॅक्स तिथे गाडीच्या वयानुसार भरायचा आणि उरलेल्या वर्षांच्या टॅक्सचा परतावा पुण्याच्या आरटीओकडे मागायचा. परताव्याचा अर्ज लोक कंटाळून करतच नाहीत, तुम्ही करा. ते तुमचे पैसे आहेत.

पुन्हा बदली होण्यासारखी नोकरी असेल तर नंबरांची बीएच (भारत) मालिका पाहा. ती 2021 पासून आहे. सरकारी, संरक्षण दलातले आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी, तसंच चार किंवा अधिक राज्यांत किंवा केंद्रशासित प्रदेशांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी पात्र ठरतात. टॅक्स एकदम भरायचा नसतो, दोन-दोन वर्षांचा भरायचा, आणि राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो. जुन्या गाडीलाही अटी पुऱ्या करून या मालिकेत आणता येतं.

प्रश्न : मुलगी नववीत, मुलगा तिसरीत. मिस्टर हैदराबादला स्थिरावलेत, आम्हीही जावं असं ठरतंय. मुलीला डॉक्टर व्हायचंय. नातेवाईक म्हणतात, आत्ता हलवू नका. एवढं काय बिघडतं?

नातेवाईकांचं ऐका, निदान मुलीच्या बाबतीत. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि 85 टक्के राज्याच्या असतात. त्या 85 टक्क्यांसाठी नुसता अधिवासाचा दाखला पुरत नाही, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. बदलीच्या काही सरकारी नोकऱ्यांतल्या पालकांच्या मुलांना सवलती आहेत, त्या प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या असतात. खासगी नोकरीतल्या बदलीला ती दारं सहसा उघडत नाहीत. एनआयटीतही (केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थांत) निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांच्या, आणि तिथे ‘आपलं राज्य’ बारावी कुठून झाली यावर ठरतं. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीला आई-वडिलांच्या अधिवासावरही वाट निघते, वैद्यकीयचं दार अरुंद आहे.

मी अशी घरं पाहिली आहेत जिथे हे बारावीच्या निकालानंतर कळलं. गुण भरपूर, पण दहावी परराज्यातली. एक आई माझ्यासमोर बसून हातातली पिशवी नुसती उघडत-मिटत होती. काही बोललीच नाही. म्हणून मी हे इतक्या ठासून लिहिते आहे.

तिसरीतल्या मुलाचं तसं नाही, त्याला बिनधास्त न्या. तेलंगणात 2018 च्या कायद्यानं सर्व शाळांत तेलुगू सक्तीची आहे. ती त्याला वर्षभरात येईल, गल्लीतल्या मुलांत तर त्याआधीच. शाळा सोडल्याचा दाखला घेताना नाव, जन्मतारीख, जात आणि आईचं नाव अक्षर न् अक्षर तपासून घ्या. स्पेलिंगमधलं एक जादा ‘ए’ दहा वर्षांनी छळतं.

मुलीला तीन वर्षं इथे ठेवायचं तर कुणाजवळ, हा खरा प्रश्न आहे. आजी-आजोबा असतील तर उत्तम. पण त्यांच्यावर केवळ जेवणखाणाची जबाबदारी टाका, अभ्यासाची आणि मोबाइलची नको. तुम्ही महिन्यातले आठ-दहा दिवस तिच्यापाशी राहाल असं आधीच ठरवा. तिला ‘तुझ्यासाठी आम्ही वेगळे राहतोय’ हे वाक्य कधीही ऐकवू नका, भांडणातसुद्धा.

प्रश्न : घर नागपूरला, नोकरीमुळे भाड्याच्या घरात रायपूरला सहा वर्षं. मतदार यादीत दोन्हीकडे नाव आहे. चालतं ना?

नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950 च्या कलम 17 आणि 18 नुसार नाव एकाच ठिकाणी हवं. अर्जात खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कलम 31 खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. त्याच कायद्याचं कलम 20 सांगतं की नुसतं घर मालकीचं असलं म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. तुम्ही सहा वर्षं रायपूरला राहता, तर मतदान तिथे, आणि नागपूरचं नाव वगळायचा अर्ज फॉर्म 7 भरून आजच करा. ज्यांनी अजून काहीच केलेलं नाही त्यांना पत्ता बदलायला फॉर्म 8 आहे.

प्रश्न : आई 74 वर्षांची. सहा महिने साताऱ्याला, सहा महिने माझ्याकडे वडोदऱ्याला. रेशन, दवाखाना, वडिलांची फॅमिली पेन्शन, सगळं साताऱ्याच्या पत्त्यावर. हल्ली म्हणते, ‘माझं गाठोडं बांधलेलंच असतं.’

कागदाचं सोपं आहे. एक देश एक रेशन कार्ड आता सगळ्या राज्यांत चालतं. अन्नसुरक्षा योजनेतलं कार्ड आधारला जोडलेलं असेल तर तिच्या वाट्याचं धान्य वडोदऱ्याच्या रेशन दुकानात अंगठा लावून मिळतं, आणि त्याच कार्डावरचे साताऱ्यातले बाकीचे आपला वाटा तिथे उचलू शकतात. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारतचं कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत, आणि योजनेतल्या देशभरच्या रुग्णालयांत ते चालतं. ती आजारी नसताना काढून ठेवा. हयातीचा दाखला नोव्हेंबरात मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, त्यासाठी साताऱ्याला धावायची गरज नाही. औषधांची चिठ्ठी दोन्ही घरी फ्रिजवर लावा, आणि वडोदऱ्यातही एक कायमचा डॉक्टर ठरवा, जो तिला नावानं ओळखेल.

गाठोड्याचं मात्र अर्ज भरून मिटणार नाही. मला वाटतं तिला जाण्या-येण्याचा त्रास नाही, ती कधी जाणार हे दुसरेच ठरवतात याचा आहे. नातवाची परीक्षा आली की या, पाहुणे येणार म्हणून जा. तारीख तिला ठरवू द्या, गैरसोयीची असली तरी. वडोदऱ्याच्या घरात तिचं एक कपाट असू द्या, ती नसतानाही तिच्या साड्या तिथे राहतील असं, इस्त्रीचे कपडे आणि जादा पांघरुणं त्यात कोंबू नका. सहाणेपासून जपमाळेपर्यंत जे रोज हाताला लागतं ते दोन्हीकडे घ्या. साताऱ्याच्या घराची किल्ली तिच्याच कमरेला राहू द्या.

प्रश्न : पहिलं बाळंतपण, माहेर कोल्हापूर, घर हैदराबाद. जन्माचा दाखला कुठला काढायचा?

बाळ जिथे जन्मेल तिथला. जन्माची नोंद 21 दिवसांत होते आणि ती रुग्णालय कळवतं, तुम्ही फक्त आई-वडिलांची नावं आधारशी जुळतात का पाहा. बाळाचं नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद होते, वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. ते बारशानंतर लगेच करा, हैदराबादला गेल्यावर राहून जातं. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेला हाच दाखला. लसीकरणाचं कार्ड बाळाच्या पिशवीत सोबत न्या, लशी तिथे पुढे चालू होतात.

प्रश्न : नऊ वर्षं सुरतेत काढून मी कायमचा नाशिकला परतलो. वाटलं होतं, सगळे आनंदात असतील. पण बायको प्रत्येक गोष्टीत म्हणते, ‘इथे असं नसतं.’ मुलगी विचारते, ‘बाबा, परत कधी जाणार?’ माझं घर मलाच परकं झालंय.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलीचा प्रश्न मनाला लावून घेऊ नका. तिच्या आठवणीत बाबा म्हणजे येतो आणि जातो, ती वेळापत्रक विचारते आहे. ‘नाही जाणार’ एवढंच उत्तर द्या, ती पुन्हा विचारेल, पुन्हा तेच द्या.

बायकोनं नऊ वर्षं एकटीनं हे घर चालवलं. गॅस कधी संपतो, मुलीला कुठली ट्यूशन नको, पाणी किती वाजता येतं, सगळं तिच्या डोक्यात आहे. तुम्ही आलात आणि डबे हलवले. मिस्टर परतले तेव्हा त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझा मसाल्याचा कप्पा ‘नीट’ लावला होता. मी हळद शोधत उभी राहिले आणि मला रडू आलं, इतकं की त्यांना काही समजेना. अकरा वर्षांत माझी म्हणावी अशी तेवढी एकच जागा होती.

पहिले तीन महिने काहीही बदलू नका. तिला विचारा, यातलं कुठलं काम तुला नकोसं झालंय, आणि ते पूर्ण घ्या, देखरेख तिच्याकडे न ठेवता. बहुधा बिलं, सोसायटीच्या मीटिंगा किंवा मुलीला सकाळी बसपर्यंत सोडणं निघेल. सुरतेत तुम्हीही नऊ वर्षं स्वतःचं सगळं केलं आहे, एकट्यानं ताप काढला आहे, दिवाळीच्या आदल्या रात्री वेटिंगवरचं तिकीट घेऊन उभे राहिला आहात. ते तिला कधी सांगितलंत का? माझ्या अनुभवात नवरे हे सांगत नाहीत, आणि बायकांना वाटतं की तिकडे सगळं आरामात होतं. सुरतेची खोली आवरताना आणलेलं एखादं भांडं, कुकर किंवा चहाचं पातेलं असेल, ते माळ्यावर टाकू नका. रविवारचा चहा त्यात करा आणि तिला ओट्यापाशी बसवून सांगा.